निळं म्हणजे उदास? पिकासोच्या म्हाताऱ्या गिटारवाल्यासमोर बसून चित्रातला भाव कसा वाचायचा

गेल्या वर्षी लेकीकडे शिकागोला गेले होते, तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमधे तिनं मला मुद्दाम नेलं कारण आयुष्यभर मी शाळेत चित्रकला शिकवली आणि पिकासो मात्र कायम पुस्तकातल्या बोटभर छापील चित्रातच बघितला. ‘द ओल्ड गिटारिस्ट’समोर आम्ही दोघी उभ्या राहिलो, ती म्हणाली, "आई, किती सॅड आहे ना," आणि पुढच्या चित्राकडे वळली सुद्धा. मी तिचा हात धरला, म्हटलं थांब, सॅड आहे हे कशावरून म्हणतेस? ती म्हणाली, "अगं सगळं निळं आहे ना." या एका उत्तरावर आम्ही तिथे पाऊण तास काढला. तिचं वाटणं चूक नव्हतं, पण कारण मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते शोधता शोधता जी पद्धत हाताशी आली ती इथे पायरीपायरीनं लिहितेय. मॉडर्न चित्रातल्या माणसाकडे बघून "काहीतरी वाटतंय पण सांगता येत नाही" असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी आहे हे. चित्रकलेचं शिक्षण असायची काही गरज नाही. एक कागद, एक पेन, फोन, आणि अर्धा पाऊण तास सलग मिळेल एवढं बघा.

चित्र म्युझियमच्या वेबसाईटवर मोठं करून बघता येतं, ते उघडून ठेवा आणि सोबत वाचा. नुसतं वाचून उपयोग नाही.

पायरी १ : पाटी वाचायची नाही, कागदाचे दोन भाग करायचे

चित्राशेजारी पाटी असते, आपण आधी तीच वाचतो, नाव, साल, दोन ओळी माहिती, आणि मग चित्रात तेच शोधत बसतो. ही सवय सोडा. पाटीला शेवटी वेळ आहे.

कागदावर मधे एक उभी रेघ मारा. डावीकडे ‘काय वाटलं’, उजवीकडे ‘कशामुळे वाटलं’. डावीकडे जे येईल ते लिहायचं, लाजायचं नाही, पण उजवीकडे समोर बोट ठेवून दाखवता येईल अशीच गोष्ट हवी. डावीकडे शब्द आहे आणि उजवीकडे रिकामं आहे असं झालं तर तो शब्द खोडायचा नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवायचं. अख्ख्या लेखाचा जीव या उजव्या बाजूत आहे, बाकीच्या पायऱ्या ती भरायच्या युक्त्या आहेत.

आणि डावीकडचे शब्द मराठीत लिहा, प्लीज. ‘सॅड’ लिहिलं की काम संपल्यासारखं वाटतं आणि डोकं बंद पडतं. आपल्याकडे केवढे शब्द आहेत बघा, उदास, खिन्न, एकटा, पोरका, थकलेला, हरलेला, गप्प, मग्न, तंद्रीत, विरक्त. यातला प्रत्येक वेगळा आहे. थकलेला माणूस झोपून उठला की ठीक होतो, पोरक्याचं तसं नाही. मग्न माणूस बाहेरून अगदी खिन्नासारखाच दिसतो, मान खाली, हालचाल नाही, पण आत चाललेलं अगदी उलटं असतं. या चित्रात तर सगळा प्रश्न खिन्न की मग्न यावरच येऊन थांबतो असं मला वाटतं, तिथे नंतर येऊ.

पायरी २ : फोनवर सांगतोय असं सांगा

आता समजा गावी बहीण फोनवर आहे आणि तिला चित्र दिसत नाही. तिला सांगायचं, पण भावनेचा एकही शब्द वापरायचा नाही, बिचारा नाही, करुण नाही, सुंदर नाही. दिसतंय तेवढंच.

मी सांगितलं ते असं. एक म्हातारा, हाडं दिसतील इतका बारीक, जमिनीवर पाय दुमडून बसलाय. पायात काही नाही. अंगावर विटलेला फाटका कपडा. केस दाढी पांढुरकी. डोळे मिटलेले, खोल गेलेले. मान खांद्यावरून इतकी कललीय की चेहरा जवळजवळ आडवा झालाय. छातीशी मोठी गिटार, एक हात वर तिच्या मानेवर, दुसरा खाली तारांशी, बोटं लांब लांब. मागे काय आहे कळत नाही, भिंत म्हणाल तर भिंत, आकाश म्हणाल तर आकाश. सगळं निळं, गिटार तेवढी तपकिरी.

एवढंच. पण हे सांगताना कळतं की चित्रात काय काय *नाही*. दुसरा माणूस नाही. ऐकणारं कोणी नाही. पैसे टाकायला वाटी नाही, टोपी नाही. घर नाही, रस्ता नाही, दिवस की रात्र ते नाही. नसलेल्या गोष्टींची यादी करायला शाळेत मी मुलांनाही सांगायचे, कारण चित्रकारानं काय गाळलं ते कळलं की त्याला काय ठेवायचं होतं ते कळतं. भिकारी दाखवायचा असता तर वाटी ठेवणं सगळ्यात सोपं होतं, ती ठेवलेली नाही, हे लक्षात असू द्या.

पायरी ३ : तसंच बसून बघा

याला वेळ द्या, ही पायरी बहुतेक लोक टाळतात कारण विचित्र वाटतं. घरी असाल तर दार लावून घ्या आणि खरंच तसं बसा. पाय दुमडा, पाठ वाकवा, मान एका खांद्यावर पूर्ण टाका, हातात काहीतरी गिटारएवढं धरा, उशी चालेल. दोन मिनिटं.

मी लेकीच्या घरी येऊन हे केलं. पहिल्यांदा मानेला रग लागली. मग जाणवलं की या अवस्थेत वर बघताच येत नाही, समोरचं दिसत नाही, दिसलीच तर आपलीच छाती आणि आपलाच हात. श्वास पण वरवर होतो, पोट दुमडलेलं असतं ना. मोठ्यानं गाणं अशक्य. म्हणजे हा माणूस कोणाला ऐकवण्यासाठी बसलेला नाही, शरीराची दिशाच आतल्या बाजूला आहे. उजवीकडे लिहायला केवढी ठोस गोष्ट मिळाली.

इथे एक सावधगिरी मात्र आपल्या लोकांसाठी खास. जमिनीवर पाय दुमडून बसणं आपल्याला घरचं आहे. जेवायला, भजनाला, अभ्यासाला आपण मांडीच घालतो, त्यामुळे आपल्या डोळ्याला त्या बसण्यात स्थिरपणा दिसतो, आसन दिसतं. माझ्या डाव्या रकान्यात पहिला शब्द ‘ध्यानस्थ’ आला होता. पण हे चित्र बार्सिलोनामधे १९०३ च्या शेवटी ते १९०४ च्या सुरुवातीला काढलंय, आणि तिथल्या शहरात मोठा माणूस जमिनीवर असा बसलाय म्हणजे त्याला बसायला खुर्ची नाही, तो रस्त्यावरचा आहे. एकच बसणं, दोन ठिकाणी दोन अर्थ. मग ‘ध्यानस्थ’ खोडायचा का? मी खोडला नाही, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. आपल्या सवयीतून आलेला शब्द आहे एवढी नोंद करायची, आणि चित्रातली दुसरी एखादी गोष्ट त्याला दुजोरा देते का बघायचं.

तसंच आठवणींचं. मला तो म्हातारा बघून लोकल ट्रेनमधे गात फिरणारे अंध लोक आठवले, गर्दीतून वाट काढत, एक हात पुढच्याच्या खांद्यावर. ही आठवण खरी आहे आणि मला प्यारी आहे, पण ती माझी आहे, चित्राची नाही. लोकलमधला माणूस डब्याला ऐकवत असतो, त्याचा आवाज लोकांकडे जातो. हा तर लोकांकडे पाठच फिरवल्यासारखा बसलाय. म्हणजे आठवणीनं मदत केलीच, पण साम्य दाखवून नाही, फरक दाखवून.

पायरी ४ : चौकट मोजा

चित्र साधारण चार फूट उंच आणि पावणेतीन फुटांच्या आसपास रुंद आहे, १२२.९ बाय ८२.६ सेंटीमीटर, लाकडी फळीवर तैलरंगात. या फळीत तो माणूस कसा बसवलाय बघा. डोकं वरच्या कडेजवळ, पाय खालच्या कडेजवळ. आता मनात त्याला उभं करा. डोकं, छाती सगळं चौकटीबाहेर जातं. मान वर केली तरी अडचण. म्हणजे तो वाकलाय म्हणून चौकटीत मावलाय, की चौकट अशी आहे म्हणून वाकलाय, हे सांगता येऊ नये असं ते बसवलंय.

स्क्रीनवर ट्रेसिंग पेपर धरून, नाहीतर फोनवर स्क्रीनशॉट काढून त्यावर बोटानं रेघा मारून, शरीराच्या मुख्य रेषा काढून बघा. खांदा, कोपर, गुडघा, मनगट, मान. सगळीकडे कोपरे येतात, घडी घालून ठेवलेली लाकडी खुर्ची असावी तसे. गोल असं काही फारसं नाहीच, फक्त गिटार. तिची कंबर, तिचं ते गोल भोक. सगळ्या टोकदार हाडांच्या मधोमध एकच गोलाई. चित्रातली एकमेव वेगळ्या रंगाची गोष्टच एकमेव वेगळ्या आकाराची पण आहे, हा योगायोग नसतो.

पायरी ५ : रंग, आणि इथे घाई अजिबात नको

आता लेकीच्या उत्तराकडे. "निळं आहे म्हणून सॅड."

इंग्रजीत निळा शब्दच उदासीला वापरतात, आणि आपली मुलं इंग्रजीत शिकलीत त्यामुळे त्यांना हे समीकरण आपोआप येतं. पण मराठीत निळं कधी उदास होतं? आपला विठोबा सावळा, कृष्ण घननीळ, तो रंग तर लाडाचा. चौदा एप्रिलला रस्ते निळे होतात तेव्हा त्या निळ्यात ताठ मान असते, अभिमान असतो. आभाळ निळं, समुद्र निळा, शाळेत मुलांनी सगळ्यात आधी संपवलेली ट्यूब निळी. म्हणून ‘निळं म्हणजे दुःख’ हे आपण उसनं घ्यायचं कारण नाही, आणि खरं म्हणजे कुणीच घेऊ नये, कारण रंगाला एकट्याला अर्थ नसतो, तो कशावर लावलाय आणि कशाच्या शेजारी आहे यावर सगळं असतं.

मग इथे ते निळं एवढं अंगावर का येतं? कारण ते कातडीवर आहे. आणि त्यासाठी मात्र मराठीत शब्द तयारच आहे, अंग *काळंनिळं* पडणं. मार लागल्यावर, साप चावल्यावर, थंडीनं गारठल्यावर, माणूस गेल्यावर. निळं आभाळ आनंदाचं, निळा सदरा छान, पण निळी कातडी बघितली की आपण घाबरून हात लावून बघतो, गरम आहे का. मला हे त्या चित्रासमोर उभं असतानाच सुचलं आणि अंगावर काटा आला. उदासी निळ्या रंगात नाहीये, जिथे गरम रंग असायला हवा तिथे निळा असण्यात आहे.

दुसरं म्हणजे, कातडी, कपडा, जमीन, मागची जागा सगळीकडे तोच एक रंग फिरवलाय, फक्त कमीजास्त उजेडाचा. त्यामुळे माणूस कुठे संपतो आणि जग कुठे सुरू होतं ती सीमाच पुसट होते, थंडी बाहेर आहे की आत हे कळेनासं होतं. कडा दाखवायला काळपट रेषा आहेत म्हणून, नाहीतर तो मागच्या निळ्यात विरघळून गेला असता.

हे पडताळून बघायला तीन छोटे प्रयोग. एक, फोनमधे चित्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाईट करा. वाकलेली मान, कोपरे, मिटलेले डोळे तसेच राहतात, थकवा तसाच राहतो, पण थंडी गेलेली असते. म्हणजे थकवा आकारातून येतोय आणि थंडी रंगातून, दोन्ही वेगळं काढता आलं. दोन, अंगठ्यानं गिटार झाका. मला तरी झाकल्यावर बघवेना, तो माणूस एकदम मेलेला वाटायला लागला. अंगठा काढला की परत श्वास घेतो. तीन, डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक सगळं पुसलं जाईल आणि निळ्याच्या मधे एक तपकिरी डाग उरेल, चूल विझल्यावर राखेत एखादा निखारा दिसावा तसा.

माझ्या डाव्या रकान्यात तेव्हा ‘उदास’ होतं, ते खोडून मी लिहिलं, ‘गारठलेला, पण ऊब धरून बसलेला’. आणि उजवीकडे, निळी कातडी, तपकिरी गिटार, तिला धरायची पद्धत. शब्द लांबला, पण आता दाखवता येतो.

पायरी ६ : डोळे आणि हात

माणसाच्या चित्रात आपण सवयीनं चेहऱ्यावर भाव शोधतो. इथे चेहरा आपल्याला फार काही देत नाही, डोळे मिटलेले आहेत आणि त्याला दिसत नाही, तो अंध आहे. मग डोळ्यांचं काम कोण करतंय? हात. चित्रातला सगळा जिवंतपणा त्या बोटांत आलाय, लांब, बारीक, चाचपडणारी बोटं.

पिकासो त्या काळात अंध माणसं पुन्हा पुन्हा काढत होता. १९०३ चंच ‘द ब्लाइंड मॅन्स मील’ आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे, तेही उघडून बघा. एक अंध माणूस टेबलाशी, एका हातात पाव, दुसरा हात सुरईकडे चाचपडत गेलेला. तिथेही डोळ्यांऐवजी हात बघतोय. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की कळतं की अंधत्व त्याला दया दाखवण्यासाठी नको होतं, स्पर्श दाखवायला हवं होतं. निदान मला तसं कळलं. आपल्याकडे प्रज्ञाचक्षू म्हणतात, गुलाबराव महाराजांना म्हणायचे तसं, डोळे नसून आतून बघणारा, आणि युरोपातही अंध गायक, अंध द्रष्टा ही कल्पना फार जुनी आहे, ग्रीकांपासूनची. म्हणून ‘ध्यानस्थ’पुढचं माझं प्रश्नचिन्ह इथे थोडं फिकं झालं. पूर्ण गेलं नाही.

हातांबद्दल एक प्रश्न जरूर विचारा, तो वाजवतोय का? खालचा हात नीट बघा. तार छेडण्यापूर्वीचा आहे, छेडतानाचा, की छेडून झाल्यावर सुटलेला? लेक म्हणाली वाजवून झालंय, हात लोंबतोय. मला वाटलं हळू वाजवतोय, कारण वरच्या हाताची बोटं कामात आहेत. आम्ही भांडलो नाही, पण दोघी जवळ जाऊन परत बघून आलो.

पायरी ७ : ‘चुकलेलं’ शोधा

शाळेत एलिमेंटरी इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलं बसायची तेव्हा आम्ही प्रमाणं घोटून घ्यायचो, डोकं एवढं, हात एवढा. त्या हिशोबानं हे चित्र चुकलेलं आहे. बोटं जास्त लांब, मान अशक्य वाकडी, खांदा नको तिथे वर, हातपाय ताणलेले. पण पिकासोला प्रमाण येत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही, वडील चित्रकलेचे शिक्षक होते आणि चौदा-पंधराव्या वर्षी तो अगदी रीतसर अ‍ॅकॅडमिक चित्रं काढत होता. मग ही मोडतोड मुद्दाम आहे, आणि मॉडर्न चित्रात अर्थ लपलेला असतो तो बरेचदा इथेच.

करायचं एवढंच, जिथे जिथे शरीर खऱ्यासारखं नाही तिथे पेन्सिलनं गोल करा, आणि विचारा, हे खऱ्यासारखं केलं असतं तर काय गेलं असतं? मान सरळ केली असती तर तो आजूबाजूचं ऐकतोय असं वाटलं असतं. बोटं नेहमीएवढी केली असती तर हात हे नुसते हात राहिले असते.

हे ताणणं त्यानं हवेतून आणलेलं नाही. स्पेनमधे सोळाव्या-सतराव्या शतकात एल ग्रेको होऊन गेला, १६१४ साली वारला, त्याची संतांची चित्रं अशीच, ज्योतीसारखी लांब ताणलेली शरीरं. पिकासोच्या तरुणपणी त्याच्या मित्रमंडळींत एल ग्रेकोचं नव्यानं कौतुक चाललं होतं. म्हणजे संतांसाठी वापरलेली भाषा त्यानं एका फाटक्या म्हाताऱ्यासाठी वापरली. हे कळल्यावर वाटी का नाही त्याचंही उत्तर मिळाल्यासारखं वाटलं मला. भिकाऱ्याला वाटी लागते.

पायरी ८ : आता पाटी, आता गोष्ट

आता वाचा. काढलं तेव्हा पिकासो फक्त बावीस वर्षांचा होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं, बावीस वर्षांच्या पोरानं म्हाताऱ्याची मान इतकी नीट वाकवावी. चित्र शिकागोला १९२६ पासून आहे, आणि अमेरिकेतल्या म्युझियमनं आपल्या संग्रहात घेतलेलं पिकासोचं ते पहिलं चित्र.

मग मित्राची गोष्ट सगळीकडे सांगतात. कार्लेस कासाजेमास, बार्सिलोनाचा, पिकासोचा जिवलग, दोघं १९०० साली बरोबर पॅरिसला गेले होते. प्रेमभंगातून त्यानं १७ फेब्रुवारी १९०१ ला पॅरिसच्या एका कॅफेत आधी त्या मुलीवर गोळी झाडली, ती वाचली, आणि मग स्वतःला गोळी घालून घेतली. पिकासो तेव्हा स्पेनमधे होता. पुढे त्यानं स्वतःच सांगितलं की कासाजेमास गेला या विचारातून मी निळ्यात रंगवायला लागलो. १९०१ ते १९०४ हा त्याचा निळा काळ.

गोष्ट इतकी जबरदस्त आहे की ती ऐकली की चित्र बघायचं थांबतं, आणि इथेच सगळ्यात जास्त जपायचं. तारखा लावून बघा. मित्र गेला १९०१ च्या फेब्रुवारीत, हे चित्र जवळजवळ तीन वर्षांनंतरचं. चित्रात कासाजेमास नाही. तो आहे ‘ला व्ही’ नावाच्या १९०३ च्या चित्रात, क्लीव्हलंडला, तिथे पुरुषाला सरळ त्याचाच चेहरा दिलाय. म्हणून ‘मित्र मेला म्हणून म्हातारा उदास’ असं वाक्य लिहू नका. गोष्टीतून निळा कुठून आला ते कळतं, पण तो या कातडीवर, या गिटारच्या भोवती काय करतो ते गोष्ट सांगत नाही, ते पाचव्या पायरीतल्या अंगठ्यानंच कळतं. माझा नियम असा आहे की चित्रकाराच्या आयुष्यातली माहिती उजव्या रकान्यात लिहायचीच नाही, कागदाच्या मागे लिहायची. पुढच्या पानाशी जुळली तर आनंद, नाही जुळली तर पुढचं पान खरं.

बार्सिलोनामधली गरिबी, पिकासोच्या स्वतःच्या खिशातली चणचण, हेही मागच्या पानावर. उपयोगाचं आहे, मांडीचा अर्थ मला त्यातूनच लागला.

खाली दडलेलं चित्र, आणि त्याचं काय करायचं

म्हाताऱ्याच्या मानेच्या आसपास मागच्या निळ्यात टक लावून बघितलं तर पुसट बाईचा चेहरा दिसतो. लेकीला दिसला तेव्हा ती दचकली. एक्स-रे काढले, नंतर १९९८ मधे इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं बघितलं, तेव्हा कळलं की याच फळीवर आधीची चित्रं आहेत, त्यात मान वाकलेली एक म्हातारी, एक तरुण आई आणि तिचं लहान मूल, आणि एक जनावर. नव्या फळीला पैसे लागतात, जुन्यावर रंगवलं की भागतं, असं तेव्हा त्यानं बरेचदा केलंय.

आता मोह होतो म्हणायचा की म्हाताऱ्याला आपली हरवलेली बायको आठवतेय, तो तिच्यासाठी वाजवतोय. असं फार लोक लिहितात. मी लिहिणार नाही. जे रंगाखाली झाकून टाकलंय ते दाखवायचं म्हणून ठेवलेलं नव्हतं, रंग जुना होत गेला तसं ते जास्त वर आलं असणार. पण एक गोष्ट मात्र थांबवते मला, आधीच्या म्हातारीचीही मान वाकलेलीच होती. वाकलेली मान त्याच्या हातात आधीपासून होती, म्हातारा नंतर आला. एवढं म्हणायला हरकत नाही.

पायरी ९ : आपलं वाचन लिहा, आणि त्याला धक्का देऊन बघा

दोन-तीन वाक्यं पुरेत. सगळ्यात बळकट जोड्या निवडा, डावीकडचा शब्द आणि उजवीकडचा पुरावा. माझं असं झालं :

"हा माणूस गारठलाय, कारण त्याची कातडी आणि त्याचं जग एकाच निळ्यात आहे. चौकटीनं त्याला वाकवलंय. पण तो कोणाकडे काही मागत नाही, वाटी नाही, नजर नाही, शरीर सगळं आत वळलेलं आहे, आणि आत जे आहे ते गरम आणि गोल आहे. खिन्नतेपेक्षा मी याला मग्नता म्हणेन."

आता धक्का. उलट वाचन प्रामाणिकपणे लिहायचं, जणू तेच आपलं आहे. लेकीचं घेतलं : "तो मग्न नाही, संपलाय. खालचा हात सुटलेला आहे, मान तोलली जात नाहीये, गिटार तो वाजवत नाही, तिच्यावर रेललाय." हे वाचून माझ्या वाचनातलं काय हललं? मानेचं हललं. मग्न माणसाची मान थोडी तरी तोललेली असते, ही पूर्ण पडलीय, हे मला मान्य करावं लागलं. रंगाचं आणि वाटीचं मात्र हललं नाही. असं करून जे उरतं ते तुमचं, आणि दोन वाचनं उरली तर दोन ठेवा, चित्राला काही घाई नाही.

एकच पथ्य, "प्रत्येकाचा अर्थ वेगळा, काहीही म्हणा" यावर येऊन थांबू नका. काहीही नाही म्हणता येत. हा माणूस आनंदानं नाचणार आहे असं कोणी म्हटलं तर उजवा रकाना रिकामा राहतो.

पायरी १० : लगेच दुसऱ्या चित्रावर

पद्धत अंगात मुरायला त्याच दिवशी दुसरं चित्र घ्या, आणि शक्यतो जवळचंच, म्हणजे फरक दिसतो. ‘द ट्रॅजेडी’ घ्या, १९०३, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. समुद्रकिनारा, एक पुरुष, एक बाई, एक मुलगा, तिघंही अनवाणी, सगळं निळं. इथे तीन माणसं आहेत आणि मागे मोकळी जागा आहे, तरी मला हे चित्र गिटारवाल्यापेक्षा जास्त एकटं वाटतं. का वाटतं ते मी सांगत नाही, हात बघा कोण कोणाला लावतंय, आणि तपकिरी गिटारीसारखं काही आहे का ते शोधा.

घरी येताना ट्रेनमधे लेक गप्प होती. उतरायच्या आधी फोनवर चित्र मोठं करून म्हणाली, "आई, त्याचा कान बघ, गिटारच्या किती जवळ आलाय." कानाकडे मी पाऊण तासात एकदाही बघितलं नव्हतं. ती ओळ आता माझ्या कागदावर उजवीकडे सगळ्यात खाली आहे, तिच्या अक्षरात, आणि तिच्या डावीकडची जागा आम्ही दोघींनी अजून भरलेली नाही.